पितळेच्या पातेल्यापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या मनात गडकोट, तह आणि स्वाऱ्या उभ्या राहतात. त्या विषयांचे अधिकारी विद्वान या व्यासपीठावर पुष्कळ येऊन गेले आहेत. आमची विद्या शाळेत फार पुढे गेली नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. म्हणून आम्ही आज एक लहानसा, घरगुती वाटणारा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत. तो आहे आपल्या मुलांच्या यकृताचा. यकृत म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्रास 'लिव्हर' म्हणतात तो अवयव. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या एका अवयवाला आपल्या मुलुखात तीन निरनिराळ्या रोगांनी गाठले, आणि तिन्ही वेळा रोगाचे मूळ औषधाच्या कपाटात नव्हते, स्वयंपाकघरात होते.

कामगार चळवळीतल्या माणसाला या विषयात नाक खुपसण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. पगारवाढीच्या वाटाघाटीत आम्ही ज्वारीचा, डाळीचा, तेलाचा भाव मांडतो, तेव्हा आम्ही मुलाच्या ताटाविषयीच बोलत असतो. शिवाय हल्ली आमच्याकडे एक नवीच तक्रार येऊ लागली आहे. लोखंडाच्या रोलिंग मिलमधला एक कामगार मुलाच्या सोनोग्राफीचा कागद घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगं बारा वर्षांचं. दारूचा थेंब त्यानं पाहिला नाही, मी बी घेत नाही. मग लिव्हरवर चरबी आली कुठून?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही मागे मागे गेलो, आणि जे हाती लागले ते आज सांगतो.

उपाशी मुलाचे यकृत

यकृतावर चरबी चढते ती खाऊन-पिऊन माजलेल्यांच्या, अशी आपली समजूत आहे. इतिहास नेमके उलट सांगतो. मुलांच्या चरबीयुक्त यकृताची पहिली मोठी ओळख वैद्यकाला झाली ती उपाशी मुलांत. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाई आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत असता त्यांनी १९३३ साली एका रोगाचे वर्णन केले. दूध तुटलेले मूल मक्याच्या पेजेवर वाढे. त्याचे पाय सुजत, केस तांबूस होत, कातडी सोलून निघे, आणि मेल्यावर पाहिले तर यकृत चरबीने भरलेले असे. तिथल्या गा भाषेत या रोगाला क्वाशिओरकर म्हणत. पाठचे भावंड झाल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा भाव आहे. विल्यम्सबाईंनी १९३५ साली तोच शब्द वैद्यकात रूढ केला.

उपाशी मुलाच्या यकृतात चरबी का साचावी? त्याचा जो खुलासा पुढे रूढ झाला, तो आमच्या गोदामातल्या कोणाही हमालाला समजेल असा आहे. यकृत हे चरबीचे गोदाम नसून ती बाहेर पाठविणारा धक्का आहे. चरबी पाठवावयाची तर ती प्रथिनांच्या पोत्यांत भरावी लागते. मुलाच्या खाण्यात डाळ नाही, दूध नाही, अंडे नाही, तर पोती शिवणार कशाची? माल धक्क्यावर पडून राहतो आणि यकृत फुगते.

आपल्या देशात या कुपोषणाचा अभ्यास मुख्यतः कुन्नूर येथील आहार संशोधन प्रयोगशाळेने केला. डॉ. सी. गोपालन हे त्यातले मोठे नाव. ती संस्था १९५८ साली हैदराबादला आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्धीस पावली. हैदराबाद हे शहर आम्हां जालनेकरांना परके नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाची प्रजा होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो.

मराठवाड्यात हा रोग समजावयाला पुस्तक लागत नाही. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे या सभेत बसलेली असतील. आमचा जन्म त्याच्या आगेमागेचा. तेव्हा आम्ही त्याविषयी बोलतो ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. खडी फोडण्याची कामे, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, या तीन गोष्टी त्यांच्या बोलण्यात हटकून येत. सुकडीत धान्याच्या पिठाबरोबर प्रथिनांची आणि गुळाची भर असे. एका मुठीची ती वस्तू, पण कित्येक पोरांचे पाय त्यावर तगले. त्याच दुष्काळाच्या पोटातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाडी आली. या पहिल्या रोगावर उतारा एकच होता, आणि तो म्हणजे अन्न. वेळेवर अन्न मिळाले की यकृतातील चरबी ओसरते आणि मूल उभे राहते. मात्र हे अन्न आईबापाच्या हाताला काम असल्याशिवाय येत नाही, म्हणून रोजगार हमी हीसुद्धा आम्ही यकृताच्या औषधातच धरतो.

दुधाच्या घरातले मरण

दुसरा रोग याहून गूढ होता. तो गरिबाच्या झोपडीत कमी आणि दुभते जनावर असलेल्या, खाऊन-पिऊन सुखी घरांत अधिक दिसे. वर्षा-दोन वर्षांचे मूल, मुलगे जास्त. मूल किरकिरे होई, बारीक ताप येई, पोट वाढे. वैद्याने पोटावर हात ठेवला तर फासळीखाली यकृताची कडक, धारदार कड बोटाला लागे. मग कावीळ, मग पोटात पाणी, आणि काही महिन्यांत सारे संपे. एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुले अशी गेल्याची उदाहरणे होती. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १८८७ साली या रोगाची पहिली नोंद केली. पुढे 'भारतीय बालकांचा सिरोसिस' असे नाव त्याला जगाच्या वैद्यकात मिळाले. नावातच आपला देश आला, हे काही भूषण नव्हे.

जवळजवळ शंभर वर्षे कारण सापडले नाही. कोणी म्हणे आईच्या दुधाचा दोष, कोणी म्हणे तूप पचले नाही, कोणी रक्ताचा दोष सांगे, कोणी विषाणूचा संशय घेई. धान्यावरील बुरशीच्या विषाचाही तपास झाला. मद्रासच्या जम्मी वैद्यांचे 'लिव्हर क्युअर' देशभर मागविले जाई. खेड्यापाड्यांत फुगलेल्या पोटावर चटके देण्याचा अघोरी प्रकार चालत असे. आणि जिची दोन मुले गेली त्या बाईला पांढऱ्या पायाची म्हणण्यास गाव कमी करीत नसे. इतिहास सांगताना हा भाग गाळणे आम्हांला योग्य वाटत नाही. रोगाचे कारण अज्ञात असते तेव्हा त्याचे ओझे घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवले जाते.

वाट सापडली ती १९७८-७९ च्या सुमारास. रोगी मुलांच्या यकृताचे तुकडे तपासता त्यांत तांबे सापडले, आणि तेही थोडेथोडके नव्हे, निरोगी मुलांच्या कित्येक पट. आता प्रश्न असा पडला, की हे तांबे आले कोठून? त्याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने रोगी मुलांच्या घरची हकिगत बारकाईने विचारली. मुलाला अंगावरचे दूध किती दिवस पाजले? वरचे दूध केव्हा सुरू केले? ते कशात तापवले? कशात ठेवले? हे प्रश्न कोणाही आजीने विचारावे असे आहेत, पण शंभर वर्षांत ते अशा पद्धतीने कोणी विचारले नव्हते. उत्तर असे निघाले, की आजारी मुलांना गाईम्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले होते. १९८३ साली हा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरोघर ठाऊक होते. त्यासाठीच कल्हईवाला दारावर येई. भाता फुंकी, नवसागराचा धूर काढी, कथील फिरवी आणि भांडे चांदीसारखे करून देई. पण दूध आंबट नाही. त्याची चव बिघडत नाही, रंग बदलत नाही. म्हणून दुधाच्या भांड्याची कल्हई उडाली तरी कोणाला धोका वाटला नाही. पुढे प्रयोगांत दिसून आले, की पितळेतून पाणी जेवढे तांबे घेते त्याहून दूध कितीतरी अधिक घेते, कारण दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. जी वस्तू कळकून इशारा देत होती तिच्यापासून आपण मुलाला जपले, आणि जी इशारा देत नव्हती ती वाटी-चमच्याने पाजली.

मूल जन्मते तेव्हाच त्याच्या यकृतात आईकडून आलेला तांब्याचा साठा असतो, म्हणून निसर्गाने आईच्या दुधात तांबे बेताचे ठेवले आहे. तान्ह्या मुलाला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ती पुरती आलेली नसते. अशा मुलाला दिवसातून चार-सहा वेळा पितळेतले दूध मिळाले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. उपाय म्हणून पेनिसिलामाइन हे तांबे लघवीवाटे काढणारे औषध देण्यात आले. कावीळ दिसण्यापूर्वी ज्यांचा उपचार सुरू झाला त्यांतली पुष्कळ मुले वाचली. उशिरा आलेल्यांना त्याचा उपयोग थोडाच झाला. पण खरा उपाय भांडे बदलण्याचा होता, आणि आईचे दूध अधिक दिवस पाजण्याचा.

हा रोग केवळ आपल्याकडच्या चालीरीतीचा, असे मानण्याचेही कारण नाही. युरोपात ऑस्ट्रियाच्या टायरोल या डोंगरी मुलुखात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाची १३८ मुले नोंदली गेली. तिथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवीत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. तिथल्या संशोधकांनी १९९६ साली असे मत मांडले, की काही घराण्यांत अंगचा दोष असावा आणि त्यावर तांब्याची भर पडली की रोग होत असावा. हा वाद शास्त्रज्ञांनी चालवावा. भांडे बदलल्याने मूल वाचते एवढे आपल्याला पुरे आहे.

१९९० नंतर आपल्याकडेही हा रोग क्वचितच दिसू लागला. काही श्रेय डॉक्टरांच्या उपदेशाचे, काही स्टेनलेस स्टीलचे. स्टीलने तांबटाचा आणि कल्हईवाल्याचा धंदा बसवला. कामगार चळवळीतला माणूस म्हणून आम्हांला त्या कारागिरांविषयी वाईट वाटते. त्यांचा कसब-कष्टाचा धंदा गेला आणि मोबदल्यात त्यांना कोणी काही दिले नाही. पण त्यांची कल्हई घरात वेळेवर होत राहिली असती तर कदाचित मुले वाचली असती, हेही त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. विष त्यांच्या हातात नव्हते. ते झाकण्याची कला त्यांच्या हातात होती. हल्ली तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. हौस असावी, पण तान्ह्याचे दूध त्यांत तापवू नये.

पुड्याचा काळ

इतिहासाचा योगायोग पाहा. ज्या १९८३ साली पितळेच्या पातेल्याचा उलगडा प्रसिद्ध झाला, त्याच साली अमेरिकेतील डॉक्टरांनी तीन लठ्ठ मुलांची हकिगत छापली. त्यांच्या यकृतात चरबी साचून सूज आली होती. मोठ्या माणसांत दारूवाचून होणाऱ्या या विकाराला तीनच वर्षे आधी, १९८० साली, नाव मिळाले होते. एक रोग मावळत होता आणि दुसरा उगवत होता. २०२३ साली या विकाराचे नाव बदलून त्यात शरीराच्या चयापचयाचा उल्लेख आणला गेला, म्हणजे दारूचा उल्लेखच नको असे झाले. आमच्या कामगाराच्या प्रश्नाला हे अर्धे उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर बाजारात आहे. १९७७ साली देशाबाहेर गेलेली कोका-कोला १९९३ साली परत आली. पेप्सी त्याआधीच आली होती. त्यामागोमाग पाच रुपयांचा वेफरचा पुडा, क्रीमची बिस्किटे, रंगीत सरबताच्या बाटल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचल्या. साखरेतील फ्रुक्टोज हा भाग बहुतांशी यकृतालाच हाताळावा लागतो. फार झाला की यकृत त्याची चरबी करते. पहिल्या रोगात माल बाहेर न्यावयास पोती नव्हती; या रोगात माल इतका येतो की धक्का अपुरा पडतो.

आपल्या मुलांना याचा धोका अधिक का, याचे उत्तर पुन्हा पुण्याच्या त्याच के. ई. एम. रुग्णालयातून आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथले नवजात बालक वजनाने सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बालकाहून बरेच हलके. पण त्याचे स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. वरून कृश, आतून चरबीयुक्त. म्हणजे ज्या आईने आणि आजीने दुष्काळ सोसला, तिच्या नातवाला साखरेचा मारा सोसणे अधिक जड जाते. पहिला रोग गेलेलाही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, थोरला जाड आणि धाकटा खुंटलेला, असे आपण पाहतो.

आता उपाय. मुलांसाठी या विकारावर खात्रीचे औषध आजमितीस नाही; आहार आणि हालचाल हाच उपचार आहे. २०१९ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. यकृतात चरबी असलेली ४० किशोर मुले निवडली. निम्म्यांच्या खाण्यातून वरची साखर आठ आठवडे जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या यकृतातील चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचे खाणाऱ्या मुलांची २१ वरून २० वर. या प्रयोगातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी, की आहार एकट्या मुलाचा बदलला नव्हता, साऱ्या घराचा बदलला होता. बाप चहात चार चमचे साखर घालतो आणि पोराला दटावतो, हे चालावयाचे नाही.

आपल्याकडे त्याचा अर्थ सोपा आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, मटकीची उसळ, पालेभाजी, परवडेल तेव्हा अंडे, ताक. हे ताट आपल्याला नवे नाही. जालन्याची मोसंबी सोलून चोथ्यासकट खावी, रस काढून साखर घालून पिऊ नये. तहानेला पाणी. रोज तासभर दमेल असा खेळ आणि पुरी झोप. वाढत्या मुलाला उपास घडवू नये आणि त्याचे वजन झपाट्याने उतरविण्याच्या मागे लागू नये. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वजन बेतात ठेवीत उंची वाढू दिली तरी पुष्कळ साधते. मूल जाड असेल तर नऊ-दहा वर्षांच्या सुमारास यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण हा विकार बहुधा दुखत नाही. पितळेतल्या दुधाप्रमाणे तोही इशारा देत नाही.

दोष कोणाचा

येथे कोणी म्हणेल, की मग सारा दोष आईचा. ती पोराच्या हाती पुडा देते. हे आम्हांला मान्य नाही. आमच्या माहितीतल्या एका घरात बाप बारा तासांच्या पाळीत, आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासावयाला. सकाळी पोराच्या हातात दहा रुपये ठेवून दोघे बाहेर पडतात. दहा रुपयांत उसळ मिळत नाही, पुडा मिळतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची आणि मोठ्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद करण्यात आली होती. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात अंगावर पाजण्यासाठी सुट्टीची वेळ धरली होती. ज्यांनी हे कायदे केले त्यांना आईचे दूध आणि कामाचे तास यांचा संबंध कळत होता. पण घरकाम करणारी, वीटभट्टीवर राबणारी, ऊस तोडणारी बाई या तरतुदींच्या बाहेरच राहिली. तिला वरचे दूध लवकर सुरू करावे लागते, तो तिचा आळस नव्हे.

तेव्हा आमची सूचना अशी. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत अति साखरेचे, अति तेल-मिठाचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० साली झाला आहे. जुन्या जालन्यात गांधी चमनपासून कुंडलिकेपर्यंत जेवढ्या शाळा आहेत, तेवढ्या शाळांच्या दारात पालकांनी तो मोजपट्टी लावून पाहावा. विक्रेता गरीब असतो. त्याला हुसकू नये, त्याला चणे, शेंगदाणे, फळे विकावयास लावावे. शाळेच्या खिचडीत डाळ आणि भाजी पुरेशी पडते की नाही, हे मातापालकांनी जाऊन पाहावे. आणि कामगारांनी आपल्या मागणीपत्रात पाळणाघर आणि बाराऐवजी आठ तासांची पाळी ही कलमे बोनसच्या खाली न टाकता वर घ्यावीत. आठ तासांच्या पाळीने बाप संध्याकाळी घरी येतो; बाप घरी असला म्हणजे चूल वेळेवर पेटते आणि पोर मैदानावर जाते.

'जालना, सोन्याचा पालना' अशी म्हण आपल्या गावाविषयी आहे. पाळणा सोन्याचा असो वा लाकडाचा, त्यातल्या मुलाच्या तोंडी काय जाते यावर गावाची खरी श्रीमंती ठरते. पहिल्या रोगाला अन्न लागले, दुसऱ्याला भांडे बदलावे लागले, तिसऱ्याला बाजाराशी आणि घड्याळाशी भांडावे लागेल. पहिल्या दोन लढायांत माणसांनी चिकाटी धरली तेव्हा मुले वाचली. तिसरीतही वाचतील, अशी आमची खात्री आहे. मात्र ती लढाई एकट्या आईवर सोपवून चालणार नाही.